ओली गाडी आणि हरवलेला करंट

आषाढात सह्याद्रीच्या वाटांवर डर्ट बाईक घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येकावर केव्हा ना केव्हा हा प्रसंग येतोच, की ओढ्याच्या मधोमध, गुडघाभर गढूळ पाण्यात, आतापर्यंत बिनतक्रार धावणारी गाडी दोन आचके देऊन उभी राहते आणि काठावर ओढून आणल्यावर कितीही किका मारल्या तरी दाद देत नाही. अशा वेळी सोबत्यांचा पहिला निवाडा असतो तो ‘सी.डी.आय.’, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, ‘गेला’ हाच, आणि इतका घाईचा व इतका खर्चाचा निवाडा माझ्या माहितीत दुसरा नाही.

परंतु त्याआधी किकेविषयीचा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पुनःपुन्हा किक मारल्याने पाणी उडून जाते असे पुष्कळांस वाटते. एअर फिल्टर भिजला असेल तर पाणी सिलिंडरात उतरलेले असण्याचा संभव असतो, आणि हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. जबरदस्ती केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. किक मध्येच घट्ट लागली तर तेथेच थांबावे, पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढावा आणि किक हळूहळू दाबून पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडू द्यावे. इंजिनातले तेल दुधाळ दिसले तर ते बदलल्यावाचून गाडी सुरू करू नये.

आता सी.डी.आय.ची कैफियत. त्याची पेटी बहुधा राळेने भरून बंद केलेली असते, म्हणून पाणी तिच्या गाभ्यात सहसा शिरत नाही. शिरते ते वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये, प्लग कॅपमध्ये आणि मॅग्नेटच्या झाकणाखाली. पाणी हे भाग जाळीत नाही, तर करंटला आडवाट दाखवते. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण ओढ्याच्या पाण्यात क्षार आणि माती असतात, आणि प्लगवर येणाऱ्या हजारो व्होल्टांना अशी ओली वाट मिळाली की ते फटीतून उडी घेण्याऐवजी पोर्सेलिनच्या अंगावरून परस्पर हेडमध्ये उतरतात. म्हणूनच हेडला टेकवलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन निर्दोष, हा समजही अपुरा आहे. सिलिंडरात दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पडण्यास उघड्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक व्होल्टेज लागते, आणि बाहेर उडणारी ठिणगी आत हरवू शकते. ही परीक्षा घेताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण तेथून पेट्रोलची वाफ येत असते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो किल स्विच. तो सुरू अवस्थेत आहे, तेव्हा त्याचा काय संबंध, असे लोक म्हणतात. बॅटरीवर इग्निशन चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत तो करंट तोडतो हे खरे. पण मॅग्नेटवर चालणाऱ्या डर्ट बाईकमध्ये तो तोडीत नाही, जोडतो, म्हणजे बटण दाबताच करंट अर्थिंगला जातो. ताम्हिणीच्या बाजूला माझी गाडी तासभर अडून बसली होती, तेव्हा हँडलवरची ती अंगठ्याएवढी डबी उघडून पाहिली, तो आत दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये तपकिरी चिखलाचा एक थेंब बसलेला. बोट न लावताही बटण दाबलेले होते! स्विचचे कपलर सोडवताच तिसऱ्या किकेला गाडी बोलली. तेव्हापासून माझ्या तपासाचा आरंभ तेथूनच होतो. नंतर प्लग कॅप, मग कपलर, त्यानंतर मीटर लावून कंपनीच्या पुस्तकातील आकड्यांशी ताडलेली, मॅग्नेटच्या झाकणाखालील स्टेटरची व पल्सर कॉइलची मोजणी, आणि सी.डी.आय. अगदी शेवटी.

उन्हात वाळवली की झाले, हीही अर्धीच गोष्ट. पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि पुढच्या महिन्यात कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशी दिसते ती तांब्याच्या गंजाची. पाणी हुसकणारे फवारे तात्पुरते काम देतात. पिना पुसून सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावणे हेच टिकाऊ. ते करंट वाहून नेत नाही, ओलाव्याला मात्र अडवते.

आणि पुष्कळ इंजिनांत प्लग बसतो त्या खोलगट जागेतून हेडच्या बाजूला पाणी निघण्यास एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की प्लग डबक्यात उभा राहतो. गाडी धुतल्यावर मी तेथे एक पातळ तार घालतो. मातीचा खडा निघतो, आणि त्यामागून पाण्याची बारीक धार.