भोकरदनचा माल आणि नाणेघाटाचा रांजण

जालना जिल्ह्यातलं आपलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांतही हे नाव आहे! इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली होती.

इतक्या दूरचा व्यापार चालायचा कसा? सातवाहन काळात पैठण-जुन्नरकडून माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. घाटमाथ्यावर आजही दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडेही त्यात कोरलेत.

जुन्या वाटांवरच्या अशा खुणा इतर देशही जपतात. जपानने टोकाइदो या जुन्या रस्त्यावरचं हाकोने इथलं १६१९ चं तपासणी नाकं जुन्या कागदपत्रांवरून पुन्हा बांधून २००७ मध्ये पूर्ण केलं. एदोतून (आजच्या टोकियोतून) बाहेर पडणाऱ्या स्त्रियांवर तिथे करडी नजर असे. आपल्याकडे तर मूळ दगडच जागेवर उभा आहे!

नाणेघाटात जाल तेव्हा रांजणात कचरा टाकू नका, अक्षरांना हात लावू नका. आणि मुलांना जरूर सांगा, ही वाट आपल्या भोकरदनशीही जोडलेली होती.

#जालना #भोकरदन #नाणेघाट