कुंदा, कचेरी आणि कंबर

स्थूल बालकाला तपासताना मी त्याच्या पालकांच्या नोकरीचीही चौकशी करतो. कारण कचेरीतील सवयी सायंकाळी घरी येतात.

१९५३ साली जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी दाखवले की, लंडनच्या दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता.

कंग्राळीकर बेळगावच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत दिवसाचे आठ तास घालवतात. त्यांना नुसता उपदेश पुरेसा नाही. व्यवस्थापनानेच उपाहारगृहात वड्याऐवजी उसळ-भाकरी व ताक ठेवावे, बिनसाखरेचा चहा द्यावा, दर तासाला उठण्याची मुभा द्यावी आणि वर्षातून एकदा कंबर मोजावी. पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा होय.

बढतीचा कुंदा जरूर वाटावा. मात्र तो रोजचा होऊ नये. पालक सावरले, तरच मुले सावरतील.