खारदांडा
मुंबई उपनगर जिल्ह्यातील कोळ्यांची एक जुनी वस्ती. ही खारच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसली आहे. मासेमारी हा येथील परंपरागत व्यवसाय. पुरुष समुद्रावर जातात. मासळी निवडणे, वाळविणे व विकणे ही कामे मुख्यत्वे स्त्रिया करतात. त्यामुळे घरचा आर्थिक व्यवहारही बव्हंशी त्यांच्याच हाती असतो.

समुद्राची अनिश्चितता हेच कोळीवाड्यांतील परस्पर साहाय्याचे मूळ होय. होडी व जाळी यांचा हिस्सा वेगळा काढून उरलेले उत्पन्न तांडेल व खलाशी यांच्यात वाटण्याच्या जुन्या पद्धतीत नफ्याबरोबर तोटाही विभागला जातो. मच्छीमार सहकारी संस्थांनी हेच तत्त्व डिझेल, बर्फ इत्यादींच्या व्यवहारांत आणले.

या बाबतीत जपानचे उदाहरण उद्‌बोधक आहे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर इवाते प्रांतातील ओमोए येथील सहकारी संस्थेने वाचलेल्या नौका सामाईक करून उत्पन्न सभासदांत वाटले. जपानमध्ये किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क कायद्यानेच अशा संस्थांना दिलेले आहेत. मुंबईच्या कोळ्यांना तसा सामूहिक हक्क नाही. म्हणूनच वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूच्या कामाविषयी येथील मच्छीमारांनी आक्षेप घेतले, तेव्हा मासेमारीच्या जागा व नौकांची वाट हेच त्यातील कळीचे प्रश्न होते. वादळाने मोडलेली होडी एकजुटीने पुन्हा उभी करता येते; परंतु ती लावण्यास किनाराच न उरल्यास त्या एकजुटीचा आधार नाहीसा होतो.