गोष्ट सांगा, तात्पर्य राहू द्या

मूल गोष्ट घडाघडा वाचते, पण तिच्याबद्दल काही विचारले की गप्प बसते, अशी अनेक आयांची तक्रार असते. दोष मुलाचा नसतो. गोष्टीकडे पाहायचे कसे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

पहाडगंजच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझी एक मैत्रीण राहते. खाली रजया आणि पिशव्यांची दुकाने, पलीकडे हॉटेलांच्या पाट्या आणि पाठीवर बोजे घेऊन स्टेशनाकडे निघालेले परदेशी प्रवासी. एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिचा तिसरीतला मुलगा मोठ्याने ससा आणि कासवाची गोष्ट वाचत होता. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणे नाही. मी सहज विचारले, ‘‘ससा झोपला का रे?’’

तो गोंधळला. मग म्हणाला, ‘‘गर्वाचं घर खाली.’’

‘‘ते झालं. पण झोपला का?’’

‘‘मॅडमनी तेवढंच लिहून दिलंय.’’

मैत्रिणीचा चेहरा उतरला. चहा गाळता गाळता ती म्हणाली, ‘‘अगं, परवा शाळेत बोलावलं होतं. वाचतो चांगलं, पण स्वतःचं एक वाक्य लिहीत नाही म्हणाल्या. वर सांगितलं, घरी मराठी बोलू नका, त्यानं मुलगा मागे पडतो. मी दहावी शिकलेली, तीही मराठवाड्यातल्या खेड्यात. मी काय शिकवणार याला? तेव्हापासून रात्रीच्या गोष्टीसुद्धा बंद केल्या.’’

मला वाईट वाटले ते या शेवटच्या वाक्याचे. ज्या औषधाने मुलगा बरा झाला असता, तेच तिने फेकून दिले होते.

वाचणे वेगळे, समजणे वेगळे

मुलाला अक्षरे जोडता आली, शब्द म्हणता आले, की आपण समजतो त्याला वाचता येऊ लागले. २००५ पासून आपल्या देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तिच्यात मुलांना आधी अक्षरे, मग शब्द, मग छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. म्हणजे गोष्ट ही वाचनाच्या शिडीची वरची पायरी. पण ती पायरी चढलेल्या मुलालाही गोष्ट समजली, असे नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ उपक्रमाच्या उद्दिष्टातही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे, असे म्हटले आहे. समजून वाचणे म्हणजे काय? गोष्टीत कोण आहे, ती कुठे घडते, काय घडते आणि ते का घडते, हे मुलाला आपल्या शब्दांत सांगता येणे. पात्र, ठिकाण आणि घटना या तीन गोष्टी हाती आल्या, की कुठलीही गोष्ट मुलापुढे उघडी होते.

आपल्याकडे मात्र या तिन्हींच्या आधी तात्पर्य हजर असते. इसापनीतीच्या पुस्तकात गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले असते. मूल तेवढे पाठ करते. विचार करायला त्याला जागाच उरत नाही.

आपली जुनी परंपरा मात्र इतकी सोपी नव्हती. पंचतंत्र आठवून पाहा. विष्णुशर्म्याने तीन राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी त्या गोष्टी सांगितल्या, असे मानतात. त्यातल्या पहिल्या तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक नावाचा कोल्हा मोडतो. करटक त्याला परोपरीने सावध करतो. दोघेही सुभाषितांचे दाखले देत एकमेकांशी वाद घालतात. शेवटी निरपराध बैल मरतो आणि कारस्थानी दमनकाचे काम फत्ते होते. ‘वाईट करणाऱ्याचे वाईट होते’ हे तात्पर्य इथे लावून दाखवा! राजपुत्रांना विचारच करावा लागला असेल.

पात्र : बोलणे नव्हे, वागणे पाहा

मुलांना ‘हा कसा आहे?’ असे विचारले, की ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ एवढेच उत्तर येते. तिथे थांबू नका. ‘तुला कशावरून वाटलं?’ हा पुढचा प्रश्न विचारा. सगळी किमया याच प्रश्नात आहे.

प्रेमचंदांची १९३३ मधली ‘ईदगाह’ ही कथा यासाठी फार उपयोगी आहे. दिल्लीतल्या मुलांना ती हिंदीत सहज समजते. आईबाप नसलेला छोटा हमीद आजीजवळ, अमीनाजवळ राहतो. ईदच्या जत्रेला जाताना त्याच्याकडे फक्त तीन पैसे असतात. बरोबरची मुले खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद घेतो लोखंडी चिमटा, कारण रोट्या भाजताना आजीचे हात भाजतात.

ही कथा वाचून झाल्यावर मुलाला विचारा, हमीद कसा आहे? ‘प्रेमळ’ म्हणाला, तर म्हणा, ‘‘दाखव बरं, कुठं दिसतं ते.’’ मूल पाने उलटते आणि चिमट्यापाशी येऊन थांबते. मग आणखी विचारा, ‘‘त्याला मिठाई खावीशी वाटलीच नसेल का?’’ आता मूल पुन्हा वाचते. मिठाई पाहून हमीदही ललचावला होता, हे त्याला सापडते. म्हणजे हमीद साधुसंत नाही, आपल्यासारखाच मुलगा आहे. म्हणूनच त्याचा चिमटा मोठा. हा शोध मुलाने स्वतः लावला, तर तो जन्मभर टिकतो. आपण सांगितला, तर परीक्षेपर्यंत.

मैत्रिणीच्या मुलाने तर मलाच पेचात टाकले. तो म्हणाला, ‘‘आजी आधी रागावली का मग? चिमटा तर तिच्यासाठीच होता.’’ उत्तर त्याच्या आईने दिले, ‘‘पोर दिवसभर उपाशी राहिलं म्हणून.’’ आणि लगेच पदराने डोळे टिपले. दहावी शिकलेल्या त्या बाईला अमीना माझ्याहून नीट कळली होती.

ठिकाण : चिमणीचे घर दिल्लीत असते तर?

गोष्टीतले ठिकाण म्हणजे नुसता पडदा नव्हे. ठिकाण बदलले की गोष्ट बदलते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांची खरी अडचण इथेच होते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातले कोकण, पालगड, तिथली घरे, विहिरी, पाऊस हे सारे पहाडगंजच्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलाने कुठे पाहिलेले असते? त्याला घर म्हणजे जिना, गॅलरी आणि खाली वाजणारे हॉर्न. अंगण म्हणजे काय, हेच ठाऊक नसेल, तर अंगणात घडणारा प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे येणार कसा?

म्हणून गोष्ट सांगण्याआधी दोन मिनिटे ठिकाणासाठी द्या. आजोळचा फोटो दाखवा. कागदावर घराचा नकाशा काढा, चूल कुठे, विहीर कुठे ते मुलाला मांडू द्या. मग विचारा, इथे काय दिसेल, कसला आवाज येईल, कसला वास येईल?

चिऊकाऊची गोष्ट कोणत्या मराठी घरात सांगत नाहीत? कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात येतो आणि चिमणी बाळाचे एकेक काम पुढे करत त्याला ताटकळत ठेवते. माझ्या आग्रहावरून मैत्रिणीने कित्येक महिन्यांनी ही गोष्ट मुलाला पुन्हा सांगितली. तो मध्येच म्हणाला, ‘‘मेण म्हणजे मोमबत्तीचं मोम?’’

‘‘हो.’’

‘‘मग दिल्लीत जूनमध्ये चिमणीचंच घर वितळेल! आणि शेणाचं घर वाळून पक्कं होईल. मग चिमणी कावळ्याकडे जाईल!’’

आम्ही दोघी बघतच राहिलो. ‘ठिकाणाचा घटनेवर काय परिणाम होतो’ हा प्रश्न वहीत लिहून दिला असता, तर त्याने पेन्सिल चावली असती. इथे त्याने आपणहून गोष्ट उचलून दिल्लीच्या उन्हात नेऊन ठेवली. २०१२ पासून चिमणी हा दिल्लीचा राज्यपक्षी आहे, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तर त्याला या गोष्टीवर आपलाच हक्क आहे असे वाटू लागले.

घटना : ‘मग’ आणि ‘म्हणून’

मुले गोष्ट सांगतात ती ‘मग’च्या माळेने. मग हे झालं, मग ते झालं. घटनांचा क्रम कळणे ही पहिली पायरी आहे, पण पुढची पायरी ‘म्हणून’ची. यासाठी एक साधा खेळ आहे. गोष्टीतल्या पाच-सहा घटना चिठ्ठ्यांवर लिहा आणि मिसळून टाका. मुलाने त्या क्रमाने लावाव्यात. मग दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘मग’ बसते की ‘म्हणून’ बसते, ते त्याला ठरवू द्या. लिहिता न येणाऱ्या लहानग्यांनी चित्रे काढली तरी चालतात.

भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ भेटला. इथे ‘मग’. वाघ खाईन म्हणाला, म्हणून तिने लठ्ठ होऊन परत येण्याचे कबूल केले. परत येताना वाघ वाट पाहत असणार, म्हणून ती भोपळ्यात बसली. आता विचारा, ‘‘यातली कोणती चिठ्ठी काढून टाकली तर गोष्टच होणार नाही?’’ यावर घरात भाऊबहिणींची चांगलीच जुंपते. जुंपू द्या. आपली बाजू गोष्टीतल्या पुराव्याने मांडण्याचा तो पहिला धडा असतो.

हे मात्र टाळा

गोष्टीची परीक्षा करू नका. झोपताना पोलिसासारखे दहा प्रश्न विचारले, तर मूल उद्यापासून गोष्टच नको म्हणेल. एका रात्री एक प्रश्न पुरे, तोही तुम्हाला खरेच पडलेला असावा.

उत्तर चुकले, तर लगेच सुधारू नका. ‘‘गोष्टीत कुठं आहे ते?’’ एवढेच विचारा. पुरावा सापडला नाही, तर मूल आपणच उत्तर बदलते. एका प्रश्नाची दोन उत्तरे निघाली आणि दोन्हींना आधार असला, तर दोन्ही बरोबर.

भाषेवरून टोकू नका. मराठी गोष्टीबद्दल मूल हिंदीत बोलले, तर बोलू द्या. विचार करण्याची सवय एका भाषेत लागली, की दुसऱ्या भाषेत ती आपोआप सोबत येते. ‘घरी मराठी बोलल्याने मूल मागे पडते’ या सल्ल्यात तथ्य नाही. आई ज्या भाषेत मनापासून बोलते, त्याच भाषेत ती मुलाशी सर्वांत चांगली चर्चा करू शकते. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही २०२० मध्ये, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, अशी शिफारस केली आहे.

गोष्ट हे शिक्षणाचे साधन आहे, हे काही नवे नाही. गिजुभाई बधेका यांनी १९३० च्या दशकात ‘दिवास्वप्न’ लिहिले. त्यातला प्रयोगशील शिक्षक चौथीच्या गोंगाट करणाऱ्या वर्गाला ताब्यात आणतो, तो गोष्टी सांगूनच. याच गिजुभाईंबरोबर आपल्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू केले होते.

पुस्तके कुठून आणायची?

खर्चाची काळजी करू नका. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ मध्ये दिल्लीतच स्थापन झाल्या. मुलांची स्वस्त, सचित्र पुस्तके हे त्यांचे वैशिष्ट्य. जुन्या दिल्ली स्टेशनसमोर १९५१ पासून दिल्ली पब्लिक लायब्ररी आहे. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये महिला हाटच्या आवारात हलवण्यात आला. पहाडगंजहून तो काही लांब नाही. आणि मराठीसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून आहेच. त्याचे जुने अंकही इंटरनेटवर वाचायला मिळतात.

तरीही पहिले पुस्तक तुमच्या तोंडातच आहे. तुमच्या आजीने सांगितलेली गोष्ट आठवा आणि आज रात्री सुरू करा.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या गल्लीत गेले. मुलाच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. कोणाशी बोलत नाही, म्हणून सगळी मुले तिला ‘घमेंडी’ म्हणत. हा घरी येऊन आईला म्हणाला, ‘‘ती घमेंडी नाहीये. मी पाहिलं. तिला हिंदी नीट येत नाही, म्हणून ती बोलत नाही. मी खाणाखुणांनी रबर मागितलं, तर लगेच दिलं तिनं.’’

मैत्रीण मला हे सांगत होती, तेव्हा शाळेतून आल्या दिवशीचा तिचा तो उतरलेला चेहरा मला आठवला. मुलाला एका माणसाचे वागणे वाचता आले होते. त्याने पुरावा शोधला होता आणि ‘म्हणून’ जोडले होते.

‘‘आज कोणती गोष्ट?’’ मुलाने विचारले.

‘‘तूच सांग,’’ ती म्हणाली, ‘‘आणि मी विचारीन.’’