घरी शिकलेले जवान आणि त्यांच्यामागची प्रार्थना

कृष्णाकाठच्या सांगली आणि सातारा या जिल्ह्यांत सैन्यात जाणे ही अनेक घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि मिरज हे त्या रीतीचे एक नाके आहे. कारण पुण्याकडून येणारा लोहमार्ग मिरजेहूनच बेळगावकडे वळतो आणि मराठा लाईट इन्फंट्री या १७६८ साली उभ्या राहिलेल्या पायदळ रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जणांची स्मृती गावाने आजवर जपली आहे. अशा प्रदेशात जवानाच्या पाठीशी उभे राहणे हे कोणी शिकवावे लागत नाही असा समज आहे, आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु ज्या तरुणांचे शिक्षण शाळेच्या चार भिंतींत न होता घरी झाले आणि जे तेथून थेट सैन्याच्या शिस्तीत गेले, त्यांची गरज थोडी निराळी असते, आणि तिचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

घरशिक्षण म्हणजे मुलाचे नाव नियमित शाळेत न घालता, किंवा मध्येच काढून घेऊन, पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर त्याला शिकवणे. भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे, मात्र घरशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही आणि मुलाला घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूदही नाही. या मोकळ्या जागेत काही सुशिक्षित कुटुंबे आपल्या इच्छेने घरशिक्षण स्वीकारतात. पण सांगली-साताऱ्याच्या ग्रामीण भागात घरी शिकणारा तरुण बहुधा वेगळ्या वाटेने तेथवर आलेला असतो. शेती, आजारपण, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर किंवा नापास होण्याची लाज यांमुळे शाळा सुटलेली असते, आणि पुढचा अभ्यास आई, थोरला भाऊ किंवा पेन्शनवर आलेले सुभेदार काका यांच्याकडून होतो. दोन्ही प्रकारच्या मुलांना परीक्षेचे दरवाजे मात्र तेच असतात. एक दरवाजा राज्य मंडळाचा, ज्यात १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून ‘बाहेरून’ दहावीला बसता येते. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापन केलेल्या आणि नियमित वर्गांत न बसता दहावी-बारावीची परीक्षा घेणाऱ्या मंडळाचा.

सैन्याचा विचार सुरू होतो तेव्हा या शिक्षणाची कसोटी कागदावर लागते. अग्निपथ योजना, म्हणजे चार वर्षांच्या करारावर जवान घेण्याची पद्धत, जून २०२२ मध्ये जाहीर झाली, आणि तिच्यात सामान्य सेवेतील अग्निवीर होण्यासाठी मान्यताप्राप्त मंडळाची दहावी एकूण ४५ टक्के गुणांनी आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्क्यांनी उत्तीर्ण असावी लागते. मुक्त विद्यालयाचे प्रमाणपत्र यासाठी चालते. पण अशा उमेदवाराच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते, आणि जो मुलगा कित्येक वर्षे कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हता त्याच्या घरच्यांची धावपळ नेमकी येथे होते. सोळाशे मीटर धावणे, बीम काढणे आणि नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे यांची तयारी पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्यावर झालेली असते, लेखी परीक्षाही पार पडलेली असते, आणि तरीही एका शिक्क्यासाठी भरती हुकू शकते. म्हणून घरी शिकलेल्या मुलाच्या पाठीशी उभे राहण्याचे पहिले काम अगदी रुक्ष आहे: जन्मदाखला, शाळेचा दाखला, गुणपत्रक आणि आधार यांवरील नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षरन्‌अक्षर जुळते की नाही हे भरतीच्या वर्षभर आधी पाहणे. ज्या घराने मुलाला शिकवण्याची जबाबदारी घेतली, त्या घराने या कागदांची जबाबदारीही घेतली पाहिजे. आणि गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांनी अशा मुलाला परका न मानता मदत केली, तर ती मोठीच सेवा ठरेल.

घरी शिकलेल्या तरुणांना सैन्याने कसे स्वीकारावे हा प्रश्न अमेरिकेत अधिक उघडपणे लढला गेला. तेथे लाखो मुले घरीच शिकतात. परंतु त्यांना पालकांनी दिलेली शालान्त पदविका सैन्य दीर्घकाळ दुय्यम दर्जाची मानत असे, आणि नियमित शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांना पसंतीक्रमात वरचे स्थान मिळे. पालकांच्या संघटनांनी हा भेद सातत्याने मांडला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस समान वागणुकीचा प्रयोग झाला आणि २०१२ या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षणविषयक कायद्याने ती समानता पक्की करण्याची दिशा दिली. तेथील घरशिक्षणाची चळवळ मोठ्या प्रमाणावर श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबांमध्ये वाढली असल्यामुळे, सैन्यात गेलेल्या मुलांसाठी एकमेकांच्या घरी नावे घेऊन प्रार्थना करण्याची प्रथा तिच्यात सहज रुजली.

मिरजेला ही प्रथा अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसे नवस बोलतात आणि उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान आहे, अंबाबाईच्या मंदिरात नवरात्र संगीतासह साजरे होते, आणि डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे येथे ख्रिस्ती उपासनेचीही जुनी परंपरा आहे. मुलगा भरती झाला की देवापुढे नारळ ठेवून, अंगारा लावून त्याला स्टेशनवर पोचवणारी आई आणि त्याच गाडीने निघालेल्या मुलाच्या दंडाला ताईत बांधणारी आई यांच्या मनात त्या क्षणी एकच मागणे असते.

सैन्यही प्रार्थनेला परके नाही. प्रत्येक जवान कसम परेडमध्ये, म्हणजे प्रशिक्षण संपताना होणाऱ्या शपथविधीत, आपापल्या धर्मग्रंथाला साक्ष ठेवून देशसेवेची शपथ घेतो. पलटणींमध्ये ‘धर्मगुरू’ हे पदच असते, आणि त्यावर पंडित, ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर नेमले जातात. मृत्यूनंतरचे विधी, जखमींना धीर देणे आणि सणवार ही त्यांची कामे असतात. अनेक ठाण्यांवर सर्वधर्मस्थळ असते, जेथे एकाच छताखाली सर्वांची उपासना होते. घरात एकाच पद्धतीने वाढलेल्या, आणि शाळेअभावी इतर समाजांच्या मुलांत फारसे न मिसळलेल्या तरुणाला हा अनुभव नवा असतो. घरच्यांनी तो निघण्याआधीच, दुसऱ्याच्या उपासनेत आदराने उभे राहणे म्हणजे आपली श्रद्धा सोडणे नव्हे, एवढे सांगून ठेवले, तर बराकीतील पहिले महिने त्याला सोपे जातील.

पहिल्या महिन्यांचा विचार विशेष करायला हवा. नियमित शाळेत गेलेल्या मुलाला घंटा, रांग, हजेरी आणि अनोळखी मुलांबरोबर राहणे यांची निदान सवय असते. घरी शिकलेल्या मुलाला ती नसते, आणि शिवाय त्याच्या बाबतीत ताटातूट दुहेरी असते, कारण आई ही त्याची शिक्षिकाही असते आणि घर हीच त्याची शाळा असते. याउलट, स्वतःहून पुस्तक उघडण्याची, वेळापत्रक आखण्याची आणि वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची सवय त्याला असते, आणि ती पुढे उपयोगी पडते. प्रशिक्षणात मोबाइलवर मर्यादा असल्यामुळे पत्र हे साधन अजून जिवंत आहे, ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ अशा पत्त्यावर, म्हणजे ठिकाण न सांगता सैन्याच्या टपालसेवेमार्फत, ते पोचते. या पत्रांत घरच्या प्रार्थनेबरोबर घरच्या अभ्यासाचीही चौकशी असावी, आणि भावकीच्या भांडणाची बातमी मात्र विचार करूनच असावी. बांधाचा वाद किंवा सातबाऱ्यावरील नोंद यांमुळे सीमेवरचा जवान रात्रभर जागा राहतो, आणि त्या जागरणाचा उपयोग कोणालाच नसतो.

असे वाद सोडवण्याचा मार्ग आहे, आणि तो पुष्कळ घरांना माहीत नसतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. सेवेतील जवानाच्या जमिनीचा, पाण्याचा किंवा कुटुंबाच्या छळाचा प्रश्न पलटणीचा कमांडिंग ऑफिसर पत्राने जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांकडे पाठवू शकतो, आणि हे कार्यालय त्याचा पाठपुरावा करते. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट हा १९२५ चा कायदा, विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या जवानाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दिवाणी निकाल लागू नये म्हणून संरक्षण देतो. दरवर्षी ७ डिसेंबरला, म्हणजे १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनी, जमणारा निधी याच कल्याणकार्यासाठी असतो. गावातील ज्या मंडळाने जवानासाठी आरती केली त्याच मंडळातील कुणी जाणत्याने जवानाच्या आईसोबत या कार्यालयात एक दिवस घालवला, तर त्या आरतीला हात-पाय फुटतील.

प्रार्थनेतही एक सावधगिरी आता अत्यावश्यक झाली आहे. मोबाइलवरील गटांत ‘अमुक पलटण अमुक ठिकाणी निघाली, सर्वांनी प्रार्थना करा’ असे संदेश सद्‌भावनेने फिरतात. पण पलटणीचे नाव, ठिकाण आणि हालचालीची वेळ ही माहिती शत्रूला हवी असते. देवाला नाव पुरते. नेमणुकीचा पत्ता त्याला सांगण्याची गरज नसते, आणि गटातील इतरांना तो सांगू नये हे घरातील प्रत्येकाने पाळले पाहिजे.

सुखरूप परत येऊ दे, या मागण्याबरोबर जखमी होऊन परतलेल्यांचाही विचार प्रार्थनेत यावा. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. इतका उशीर समाजाच्या विस्मरणाचाच पुरावा आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाल्यावर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये लष्करात अधिकारी म्हणून प्रवेश केला. दोन मुलांच्या आईने केलेला हा प्रवास प्रशंसेचा विषय झाला हे योग्यच आहे. परंतु गणवेश न घालणाऱ्या, घरी मुलांना वाढवत बसलेल्या असंख्य वीरपत्नींची वास्तपुस्त वर्षश्राद्धानंतरही चालू ठेवणे हे गावाचे कर्तव्य राहते.

अग्निवीरांच्या बाबतीत शिक्षणाचा धागा पुन्हा घराकडे येतो. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात, आणि उरलेले सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन विशीत घरी परततात. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळावे, अशी व्यवस्था केंद्राने २०२२ मध्ये जाहीर केली, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सैन्यातील कौशल्यप्रशिक्षणाचे श्रेयांक धरणारी तीन वर्षांची पदवीही आखली. म्हणजे ज्या मुक्त विद्यालयाच्या आधाराने घरी शिकलेला मुलगा सैन्यात गेला, तेच विद्यालय शाळेत शिकलेल्या त्याच्या सोबत्यालाही बराकीत शिकवू लागले आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला उभ्या राहिलेल्या पहिल्या तुकडीचा चार वर्षांचा काळ २०२६-२७ मध्ये पुरा होतो. तेव्हा सांगली-साताऱ्याच्या घरांनी सेवानिधीतून ट्रॅक्टर घ्यायचा की पदवी पुरी करायची हे मुलाशी आताच पत्रांतून बोलायला सुरुवात करावी, आणि बारावीच्या नोंदणीची तारीख हुकू नये म्हणून ती देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.