चौसष्ट जणांचा अबोला

चौसष्टच्या चौसष्ट कोअर शंभर टक्के कामात दिसत होते. लॉग फाइल मात्र 'पायरी ०'वर अडलेली. अर्धा तास झाला. क्यूमध्ये दोन दिवस थांबून मिळालेले नोड, आणि त्यांच्यावर नुसती वीज जळत होती.

काम तसं साधं. पत्र्यावर उष्णता कशी पसरते, याचं गणित. ४०,००० × ४०,००० बिंदूंची जाळी, तिच्या आडव्या चौसष्ट पट्ट्या, एकेका प्रोसेसला एकेक. दर पायरीला शेजाऱ्याच्या पट्टीची कडेची ओळ लागते; ती एमपीआय या निरोप-प्रणालीच्या 'सेंड' आणि 'रिसीव्ह'नं द्यायची-घ्यायची. ३२० × ३२०च्या जाळीवर हाच प्रोग्रॅम विनातक्रार चालला होता.

डीबगर लावून एका प्रोसेसमध्ये डोकावले. ती 'सेंड'मध्ये उभी. तिची शेजारीणही 'सेंड'मध्येच. दिवाळीत दोघी एकाच वेळी एकमेकींच्या दारी निघाल्या, जिन्यात समोरासमोर आल्या. दोघींच्या दोन्ही हातांत फराळाचं ताट, समोरचं घ्यायला हात मोकळा कुणाचाच नाही. मीच तसं लिहिलं होतं: आधी वर-खाली दोन्हीकडे पाठवा, मग घ्या.

मग छोट्या जाळीवर कसं चाललं? तिथली ओळ २,५६० बाइटची. एवढासा निरोप एमपीआय बहुधा मधल्या बफरमध्ये ठेवून घेतं आणि पाठवणाऱ्याला मोकळं करतं. ३,२०,००० बाइटची ओळ आली, की समोरचा घ्यायला तयार होईपर्यंत थांबवून ठेवतं. म्हणजे माझी चूक पहिल्यापासून होतीच; बफरनं ती पोटात घातली होती.

असा बफर सगळीकडे नसतो. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली उभारलेल्या 'परम ८०००' या महासंगणकात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. शेजाऱ्यांशी बोलायला प्रत्येक चिपला चार लिंक. ट्रान्सप्युटरची भाषा 'ऑकम', टोनी होअर यांनी १९७८मध्ये मांडलेल्या कल्पनेवर बेतलेली. तिच्या चॅनलला बफरच नाही. देणारा आणि घेणारा दोघं हजर असतील तरच व्यवहार. ऑकममध्ये मी ३२०च्या जाळीवरच तोंडावर आपटले असते, आणि दोन दिवस वाचले असते.

दुरुस्ती दहा मिनिटांची: सम क्रमांकांनी आधी द्यायचं, विषमांनी आधी घ्यायचं. पण या वेळी जॉब टाकण्याआधी छोट्या जाळीवर 'सेंड'च्या जागी 'एस-सेंड' घातलं. ते बफरची सवलत देत नाही, घेणारा आल्याशिवाय हलत नाही. प्रोग्रॅम चालला. मग सहज म्हणून तीच युक्ती माझ्या तीन जुन्या प्रोग्रॅमवर केली. वर्षभर बिनघोर वापरत होते ते.

दोन 'पायरी ०'वरच थांबले.