चार्ज होतो, पण दिसत नाही

जामनेरकडे शेतात, ट्रॅक्टरवर छोटा एमपीथ्री प्लेअर अजूनही वाजतो. लग्नसराईत नवी अहिराणी गाणी भरायला तो कॉम्प्युटरला जोडावा, तर नेमका तेव्हाच दिसत नाही. दिवा मात्र लागलेला असतो.

दोष बहुतेकदा केबलमध्ये असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी ५ व्होल्ट वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये या शेवटच्या दोन नसतातच! म्हणून प्लेअर चार्ज होतो, पण कॉम्प्युटरशी बोलत नाही. आधी केबल बदला. डेस्कटॉप असेल तर मागचे पोर्ट वापरा, ते थेट मदरबोर्डवर असते.

प्लेअर दिसला, पण ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले, तर घाईने होय म्हणू नका. गाणी भरताना प्लेअर उपटला की कोणती फाइल कुठे आहे, ही नोंद बिघडते. गाणी बहुधा आतच असतात. त्यात आजीच्या आवाजातल्या ओव्या असतील तर त्या बाजारात पुन्हा मिळणार नाहीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा, उघडले तर आधी कॉपी काढा.

फॉरमॅट करावेच लागले, तर फॅट३२ निवडा. एनटीएफएस केल्यास कॉम्प्युटरला गाणी दिसतात, पण बहुतेक जुने प्लेअर ती वाचू शकत नाहीत. आणि काढताना दर वेळी ‘इजेक्ट’ करूनच काढा.